मच्छिंद्रमामांचा सातवा प्रश्न

हडपसरला गाडीतळाजवळ शकूबाईंची चहाची टपरी आहे. टपरीपुढच्या बाकड्याचा एक पाय आखूड आहे म्हणून त्याखाली वीट घातली आहे, आणि त्या विटेकडची जागा गेले चौदा महिने मच्छिंद्रमामांची आहे. रोज सकाळी साडेनवाला मामा तिथे येऊन बसतात. पण ‘बसतात’ हा शब्द फार साधा झाला. आधी ते मान वळवून मागे बघतात, मग दोन पावलं मागे येतात, डावीकडे किंचित वळतात आणि भिंतीपासून बरोबर वीतभर अंतर सोडून टेकतात. छत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस स्वतःलासुद्धा रिव्हर्समध्येच लावतो.

मामा मूळचे बीडकडच्या आष्टीचे. अठ्ठ्याऐंशी साली हडपसरला आले आणि ट्रकवर होते तोवर हडपसरमध्ये सलग चार दिवस कधी राहिले नाहीत, हे त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं म्हणणं. या भागातला कुठलाही ड्रायव्हर नवी नोकरी धरण्याआधी या बाकड्यापाशी येतो. मामा सहा प्रश्न विचारतात आणि शेवटी ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढंच सांगतात. बहुतेक नोकऱ्या नापासच होतात.

परवाचीच गोष्ट. रामदास नावाचा चाळिशीचा ड्रायव्हर हरखून आला. म्हणाला, “मामा, पस्तीस हजार म्हनतोय नवा मालक.”

“आत्ता किती हाय तुला?”

“बावीस. वर भत्ता.”

“बावीसचे एकदम पस्तीस? पोरगी देतोय का काय तुला?”

“तसं न्हाई मामा. गाड्या वाढवल्यात त्यानं.”

“बरं. भत्ता सोडून पस्तीस का धरून पस्तीस?”

रामदासने चहात बघितलं. “धरून.”

“महिन्यातले सव्वीस दिवस तू भायेर. जेवन, चहा, आंघोळ, रोजचे पाचशे. तेरा हजार तू रस्त्यावरच खाल्लेस. राहिले किती?”

“बावीस.”

“मंग हितला मालक काय वाईट हाय? हा निदान वळखीचा चोर हाय.” मामांनी बशी खाली ठेवली. “डिझेलचं ॲव्हरेज काय मागतो?”

“साडेचार.”

“लोड गाडीला? साडेतीन निघालं तरी गाडीला हार घालावा. वरचं डिझेल कुनाच्या पगारातून?”

पुढचे प्रश्न अजून बाकी होते. टायर फुटला किंवा माल भिजला तर नुकसान कोणाचं, चालान कोण भरणार, पगार सात तारखेच्या आत होतो की मालकाला आठवण झाली की होतो, आणि महिन्यात घरी किती रात्री. पण रामदास दुसऱ्यालाच उठला. चहाचे पैसे ठेवून म्हणाला, “नापास म्हना की सरळ.”

“नापास,” मामा म्हणाले.

असा हा परीक्षक स्वतः मात्र चौदा महिने घरी बसून होता. जुन्या मालकाने गाड्या विकल्या. नव्या कंपन्यांचा फॉर्म मोबाइलवर भरायचा असतो. मामांची मुलगी तेजस्विनी मगरपट्ट्यात एका कंपनीत कामाला आहे. तिने बापासाठी तो फॉर्म तीनदा भरायला घेतला, पण जन्मसालाच्या यादीत १९६५ सापडेना. यादी १९७० पाशीच संपत होती.

“म्हंजे मी जल्मलोच न्हाई,” मामा म्हणाले, आणि दिवसभर ते वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की विनोद झाल्यासारखं वाटावं. त्यात डावा गुडघा. छत्तीस वर्षं क्लच दाबून दाबून त्याच्यातलं वंगण संपलं होतं. जिना उतरताना तो वाजायचा आणि मामा थांबून कान देऊन ऐकायचे, कुठल्या बेअरिंगचा आवाज आहे ते.

घरात त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता आणि कौशल्याबाईंचे तर विचारूच नका. मामांना पलंगावर झोप लागेना, कारण पलंग रुंद होता. दोन फुटी दिवाणावर गुडघे पोटाशी घेतले की लागायची, आणि तीही जुना खडखडणारा टेबलफॅन चालू असेल तरच. कौशल्याबाई गरम कुकर ओट्यावरून मागे सरकवायला लागल्या की मामा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस.”

“चाळीस वर्सं कुकर सरकवते मी,” त्या म्हणायच्या. “तवा कोन होतं मागं उभं राहून सांगायला?”

मामा मग टेबलफॅनचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचे.

दिवाणाखाली एक बॅग होती. त्यात टॉवेलात गुंडाळलेला तुळजाभवानीचा फोटो होता. ड्रायव्हर गाडी सोडतो तेव्हा पाना, जॅक, ताडपत्री सगळं मागे ठेवतो, पण आपला देव खिळ्यावरून काढून बरोबर नेतो. तसा मामांनी तो शेवटच्या केबिनमधून काढून आणला होता. कौशल्याबाईंनी एकदा विचारलं होतं, “देवघरात ठिवू का?”

“नको,” मामा म्हणाले होते. “ती ड्युटीवरची हाय.”

आता सातव्या प्रश्नाबद्दल. टपरीला प्रश्न सहाच माहीत होते. सातवा जगात दोनच माणसांना ठाऊक होता, मामांना आणि तेजस्विनीला.

तिचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मामा चित्रदुर्गच्या अलीकडे होते. गाडीत फुलं भरलेली, वेळेत पोचवायची. गाडी एक मिनिट उभी करायची नाही, असं मालकाने बजावलेलं, आणि दर अर्ध्या तासाला तो फोन करून कुठे पोचलास विचारायचा. दुपारी एकला डॅशबोर्डवर फोन वाजला. पडद्यावर ‘तेजू’. मामांनी तो वाजू दिला. परत वाजला, परत वाजू दिला. साडेचारला गाडी खाली झाल्यावर त्यांनी फोन लावला तेव्हा पलीकडून ती म्हणाली, “काही नाही पप्पा, असंच केला होता.” सत्त्याऐंशी टक्के पडले होते. पेढे वाटून संपले होते, पेढ्यांचा पुडा रद्दीत गेला होता आणि ती सांगण्याचं सगळं सांगून मोकळी झाली होती, दुसऱ्यांना.

घरी आल्यावर मामांनी तिला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, “हितून पुढं मालकाला मी सातवा प्रश्न विचारनार. घरचा फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोलू देनार का? न्हाई म्हनला तर त्याची नोकरी गेली खड्ड्यात.”

त्यांनी तो कधीच कोणाला विचारला नाही. लाज वाटली. मालक हसला असता, टपरी तर महिनाभर हसली असती. तेजस्विनीने त्यानंतर रस्त्यावर असताना बापाला कधी फोन केला नाही. मामांनी केला की ती पहिल्या रिंगला उचलायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी टपरीपुढे पांढरी मोटार थांबली. आतून इंद्रजीत उतरला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या घरची फुरसुंगीला पेरूची बाग होती. ती विकून त्याच्या वडिलांनी ट्रक घेतले, आता नऊ ट्रक आहेत, हे सगळ्या गाडीतळाला माहीत होतं. तो सरळ मामांपुढे येऊन उभा राहिला.

“काका, सोलापूरच्या गाडीवर अनुभवी माणूस हवाय. येता का?”

शकूबाईंनी दूध उतू जाऊ दिलं.

मामांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि घसा साफ केला. “पगार?”

“तीस हजार. भत्ता पाचशे रोजचा, तो वेगळा.”

“तारीख?”

“पाच. सात म्हणा, पण सातच्या आत. आजारपणाचे दिवस कापत नाही.”

ॲव्हरेज गाडीचं असेल ते. टायर मालकाचे. चालान मालकाचं. एक दिवसाआड रात्री घरी. एवढी सुरेख उत्तरं मामांनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्या जागी रामदास असता तर मामांनी त्याला विचारलं असतं, की भावापेक्षा आठ हजार वर द्यायला या माणसाला वेड लागलंय का, आणि उत्तरं शाळेतल्या पाठांतरासारखी कशी येतायत. स्वतःच्या बाबतीत त्यांना एवढंच वाटलं, की छत्तीस वर्षांच्या अनुभवाला आठ हजार म्हणजे काही फार नाही.

इंद्रजीत जायला वळला आणि मोटारीपाशी थांबला.

“आणि काका, घरून फोन आला तर गाडी बाजूला लावून खुशाल बोलायचं. मी काही विचारणार नाही.”

मामांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. सोलापूर रोडला धूळ फार. रुमालाने डोळे पुसून झाल्यावर त्यांनी टपरीकडे तोंड केलं आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

“पास.”

पुढचे तीन दिवस गाडीतळावर मामांपेक्षा सुखी माणूस नव्हता. त्यांनी दाढी केली, केस कापले, गुडघ्याला दोन्ही वेळा तेल चोळलं. टपरीवरच्या बारा जणांना पेढे दिले, रामदासला दोन. कौशल्याबाईंनी बॅग धुतली, नवा टॉवेल आणला आणि “सुटले बाई एकदाची” असं शेजारीपाजारी सांगून आल्या. सांगताना त्यांचा आवाज मात्र सुटल्यासारखा नव्हता.

तेजस्विनी संध्याकाळी कामावरून आली, पर्स टाकली आणि बापासमोर बसली. “सगळे प्रश्न विचारलेत ना? मागे तुम्हीच म्हणाला होतात, घाई करायची नाही.”

“सगळे. आन् त्यानं न विचारलेल्याचंबी उत्तर दिलं.”

“हो? कुठल्याचं?”

“हाय एक,” मामा म्हणाले. ती हसली आणि पाणी प्यायला आत गेली.

सोमवारी कामावर जायचं होतं. पण मामांची एक सवय होती. नोकरी पास झाली तरी न सांगता आधी गाडी बघून यायची, केबिनमध्ये डोकावायचं. तिथला खिळा रिकामा दिसला म्हणजे मागचा ड्रायव्हर आपला देव घेऊन शांतपणे गेला. फोटो अजून खिळ्यावर असला तर तो भांडून पळालाय, किंवा गेलेलाच नाही. हा प्रश्न नव्हता, त्यामुळे प्रश्नांच्या यादीत तो कधीच आला नव्हता.

शनिवारी सकाळी मामा बसने शेवाळवाडीला गेले. पेट्रोलपंपामागे इंद्रजीतची गाडी उभी होती. स्वच्छ, बारा टायरची, पुढचे दोन टायर नवेकोरे. मामांनी प्रत्येक टायरवर बुक्की मारून आवाज ऐकला, मग दांडीला धरून, डाव्या गुडघ्याला शिव्या देत, केबिनमध्ये चढले.

खिळ्यावर खंडोबाचा फोटो होता. त्याला झेंडूची माळ होती, आणि झेंडू त्या दिवशीचा होता.

“कोन पायजे, मामा?” खालून आवाज आला. पस्तिशीचा एक माणूस खांद्यावर टॉवेल आणि हातात बादली घेऊन उभा होता.

मामा नेहमी अशा वेळी स्वतःचं नाव सांगत नसत. “काम बघतोय. ही गाडी रिकामी हाय असं कळलं.”

“रिकामी? मंग मी काय भूत हाय का?” माणूस हसला. त्याचं नाव संजय. चार वर्षं तो याच गाडीवर होता. त्याने पंपावरून दोन चहा आणले आणि दोघं गाडीच्या सावलीत बसले.

“बाजूला बसायला एक जन येनार हाय सोमवारपासून,” संजय म्हणाला. “पन ती जागा तुमच्या कामाची न्हाई. ती भानगड येगळी हाय.”

“कसली भानगड?”

“म्हातारा ड्रायव्हर हाय कुनीतरी. घरी बसून झुरतोय म्हनं. त्याची पोरगी आन् आमचा मालक एका कॉलेजात होते. तर तिनं मालकाला गळ घातली, त्यांना गाडीवर घे, पगार मी देते. दर महिन्याला ती मालकाला पाठवनार, मालक म्हाताऱ्याच्या हातात ठेवनार. तीस हजार. मला चोवीस हाय, मला कोन देतंय?”

मामांनी कपातल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली.

“आन् गाडी कोन चालवनार?”

“मीच की. गुडघा गेलाय त्यांचा. यवतच्या पुढं रस्ता सरळ हाय, तितं त्यांच्या हातात द्यायची, भिगवनला परत घ्यायची. तेवढंच म्हाताऱ्याला बरं वाटंल.” संजयने चहाचा घोट घेतला. “मोठा परीक्षक हाय म्हनं. सात प्रश्न इचारतो. पोरीनं मालकाला सगळ्यांची उत्तरं कागदावर लिहून दिली होती.”

“सहा,” मामा म्हणाले.

“काय सहा?”

“प्रश्न.”

“न्हाई हो, सात. कागद मी वाचलाय, हितंच डॅशबोर्डवर पडला होता दोन दिवस. सातवा फोनचा. त्याच्याम्होरं लिहिलं होतं, हा ते विचारणार नाहीत, तूच आपणहून सांग.” संजयने मान हलवली. “पोरगी असावी तर अशी. माझं पोरगं मला मोबाइलचा रिचार्ज संपला की फोन करतं.”

मामांनी उठून समोरच्या नव्या टायरवर पुन्हा एक बुक्की मारली. मग त्यांनी दोन्ही चहांचे पैसे दिले. संजय नको म्हणाला, तरी दिले.

“टायर चांगले हायेत,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली. गाडीतळ आला, पण ते उठले नाहीत. तेजस्विनीचा पगार बेचाळीस हजार. त्यातून तीस. वर्षभर ती स्कूटरसाठी पैसे साठवत होती, रंगसुद्धा ठरला होता. महिन्याभरापूर्वी एकदम म्हणाली, “नको पप्पा, बस बरी आहे, डोक्याला ताप नाही.” तेव्हा मामांनी तिची चेष्टा केली होती, की ड्रायव्हरच्या पोरीला गाडीची भीती वाटते. ती चेष्टा त्यांना मगरपट्ट्यापासून पूलगेटपर्यंत शब्दन् शब्द आठवत राहिली.

मंडईपाशी कंडक्टर म्हणाला, “आजोबा, पुढे जायचंय की परत?” तेव्हा ते उतरले. तेजस्विनीला आवडतात म्हणून पाव किलो अंजीर घेतले. भाव केला नाही.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. तेजस्विनीला सुट्टी होती. ती दारातच म्हणाली, “होतात कुठे? फोन पण उचलला नाहीत.”

मामांनी खिशातून फोन काढला. तिचे चार फोन येऊन गेले होते. “गाडीत होतो,” ते म्हणाले. “ऐकू आला न्हाई.”

मग ते दिवाणावर बसले. मागे वळून न बघताच बसले.

“तेजू, ती नोकरी नापास.”

ती हसली. मग हसायची थांबली. “का? कितव्या प्रश्नाला?”

छत्तीस वर्षांत मामांनी खोटा निकाल दिला नव्हता, त्यामुळे त्यांना तो देता येत नव्हता. “चौथ्या. टायर. झिजलेत पार.”

“काहीतरीच काय पप्पा, पुढचे दोन्ही तर नवीन…” ती तिथेच थांबली.

मामांनी टेबलफॅनकडे बघितलं. तो खडखडत होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

“म्हणजे, मला वाटलं, नवीन असतील,” तेजस्विनी म्हणाली. “मी… तुम्ही सांगून बघा ना त्यांना. बदलून देतील. अजून काय हवंय ते सांगा, ते ऐकतील.”

ही पोरगी टायरसुद्धा आणून देईल, हे मामांच्या लक्षात आलं. मग त्यांनी दुसरं खोटं बोलायला घेतलं, आणि ते मात्र त्यांना सफाईने जमलं.

“टायरचं सोड. मालक चांगला हाय, गाडी चांगली हाय. मीच दमलो, बाळा. केबिनमधी चढलो तवा कळलं. आता नको वाटतं. घरी बरं वाटतं मला.”

“घरी तुम्हाला बरं वाटतं?”

“हा. लई.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्हाला परत गाडीवर जायला आवडेल.” मामांनी पुडी पुढे केली. “अंजीर खा. गोड हायेत.” तिने एक घेतलं आणि नुसतं हातात धरून बसली.

टपरीवरही त्यांनी हेच सांगितलं. रामदास म्हणाला, “मामा, पेढे परत द्यायचे का आता?” टपरी हसली, मामाही हसले. शकूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

सोमवारी सकाळी सात वाजता, म्हणजे जेव्हा निघायचं होतं तेव्हा, मामा अंघोळ करून तयार होते. तेजस्विनी बससाठी चप्पल घालत होती.

“येत्या रविवारी तुझी स्कूटर बघायला जायचं,” मामा म्हणाले.

“पप्पा, बस बरी आहे.”

“बसचं मला नको सांगू. मी येतो संगं. टायर बघून घ्यावे लागतात.”

चप्पल घालता घालता ती थांबली. मामा वाकले, गुडघा वाजला. त्यांनी दिवाणाखालची धुतलेली बॅग ओढली, टॉवेल उलगडला आणि तुळजाभवानीचा फोटो बाहेर काढला. मग हातोडी आणि खिळा घेऊन ते भिंतीशी गेले.

कौशल्याबाईंनी स्टूल आणून दिलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मामा चढले, खिळा ठोकला, पण फोटोमागची दोरी काही खिळ्यात अडकेना. तेजस्विनी चप्पल तशीच अर्धवट घालून दारात उभी होती. तिची बस गेली.

कौशल्याबाईंनी मान वर केली.

“येऊ द्या,” त्या खालून म्हणाल्या. “डावीकडं थोडं. येऊ द्या… येऊ द्या… बस.”